बारा पाऊणे नऊ

डोंबिवली,
पौष वद्य चतुर्दशी, मंगळवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला गेले तर बाबांना निम्मं ऐकू येत नाही, आणि उरलेलं निम्मं आई "बरं बरं, जेवलीस का" म्हणून मध्येच तोडते. म्हणून हे पत्र. बाबा, तुम्ही ओसरीवर बसून मोठ्याने वाचा, म्हणजे आईलाही स्वयंपाकघरातून ऐकू जाईल. आणि लाल पेन जवळ ठेवू नका. मी बावन्न वर्षांची आहे, ऱ्हस्व-दीर्घ आता सुधारायचं नाही.

यंदा सव्वीस जानेवारी रविवारात गेली म्हणून ऑफिसात सगळे हळहळत होते. मी कालनिर्णय बघितलं तर त्या दिवशी द्वादशी. मी मनातल्या मनात म्हटलं, बारा पाऊणे नऊ. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आठवतंय ना? वेलदूरच्या धक्क्यावर होडीची वाट बघताना तुम्ही माझा पाढा घ्यायचात. "आज षष्ठी. भरती कधी?" मी बोटं मोजत बसायचे आणि तोवर नावाडीच ओरडून सांगायचा, साडेचार! मग घरी आल्यावर पुन्हा पाऊणकी. एकतीस वर्षं तुम्ही खाडी ओलांडून दाभोळच्या शाळेत गेलात, तेव्हा गाड्या नेणारी फेरीबोट नव्हती. होडी धक्क्याला लागणार की चिखलात उतरावं लागणार, हे तुम्हाला आदल्या रात्रीच ठाऊक असायचं. पँट किती दुमडायची तेसुद्धा.

माझं काम त्याच्या उलट. मला चिखलात काय चरतंय ते बघायचं असतं. ओहोटीला किनाऱ्यावरचे पक्षी लांब पाण्याच्या कडेला पांगलेले असतात, दुर्बिणीतूनही ठिपके दिसतात नुसते. भरती चढायला लागली की पाणी त्यांना हाकत हाकत वर आणतं, आपण जागचं हलायचंसुद्धा नाही. त्यामुळे उजाडल्यावर दोन-अडीच तासांनी भरती पूर्ण होईल असा दिवस धरायचा. द्वादशी त्याला अगदी बेतशीर. मोबाईलमधलं वेळापत्रक तुमच्या हिशोबाच्या थोडं पुढचं सांगत होतं, पण मी निघाले ते तुमच्या नऊच्या भरवशावर.

तुमचा नातूही आला. पक्ष्यांसाठी नव्हे, लाँचसाठी. शनिवारी दुपारी गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचवर बसलो तर मागे कुरवांचा, म्हणजे सीगलांचा, हा थवा. लोक वेफर्स आणि पिवळी शेव उधळत होते, आणि ते पक्षी वाऱ्यावर जागच्या जागी तरंगत हातातून घेत होते. यातले बरेचसे तपकिरी डोक्याचे कुरव. आता थंडीत त्यांचं डोकं पांढरंच असतं, कानामागे एक काळपट डाग तेवढा. तपकिरी टोपी चढते ती परत जाताना. बाबा, हे पक्षी वीण करतात लडाख-तिबेटच्या सरोवरांवर, त्सो मोरीरीसारख्या, म्हणजे साडेचार हजार मीटर उंचीवर. तिथे जन्मायचं आणि हिवाळ्यात इथे येऊन गेटवेवर शेव खायची! मी शेजारच्या बाईंना म्हटलं, नका हो घालू, पोट भरतं पण अंगाला काही लागत नाही त्यांच्या. त्या म्हणाल्या, "आमच्या पोरांचंही तेच आहे." काय बोलणार?

मांडव्याहून अलिबागला जाताना किहीमचा फाटा लागला. सलीम अलींनी १९३० च्या सुमारास तिथे बसून सुगरणीची घरटी न्याहाळली. कळलं काय, तर घरटं विणतो तो नर. एक अर्धवट झालं की मादी येऊन आत डोकावून जाते, पसंत पडलं तर राहते. मग हा पठ्ठ्या दुसरीसाठी दुसरं घरटं सुरू करतो. आई, आपण त्याला सुगरण म्हणतो, आणि सगळं श्रेय जातं कोणाला बघ. हे एकच घरकाम असेल ज्यात उलटा अन्याय झालाय.

आक्षीला एका घरगुती ठिकाणी राहिलो. जेवण चांगलं, गादी ओली. त्यावर जास्त लिहीत नाही.

पहाटे साडेसहाला नातवाला हलवलं, त्याने कूस बदलली. मी एकटीच निघाले. सुरूच्या बनातून बाहेर पडले तेव्हा अजून अंधूक होतं आणि मागे माडांच्या वर द्वादशीची बारीक कोर होती. वाळत घातलेल्या जवळ्याचा वास. टिटवीने मला सगळ्यात आधी पाहिलं आणि गावभर केलं. आपल्या किनाऱ्याचं एक बरं असतं, सूर्य पाठीमागून, गावाच्या अंगाने वर येतो. सकाळी समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की पक्ष्यांवर सरळ उजेड पडतो, डोळे दिपत नाहीत. संध्याकाळी हेच बघायला गेलात तर सगळे पक्षी नुसते काळे.

उजेड वाढला तशी वाळू हलायला लागली. म्हणजे मला वाळूच वाटली होती. चिखल्या होत्या त्या, शंभरावर असतील, वाऱ्याकडे तोंड करून पावलांच्या खळग्यात बसलेल्या. एक खळगा, एक पक्षी. दोन पावलं धावायचं, थबकायचं, टिपायचं, की पुन्हा दोन पावलं. लाटेच्या अगदी कडेला सँडरलिंग. मराठी नाव मला कुठलंच पटलेलं नाही, म्हणून हेच. लाट मागे गेली की हे पुढे, लाट आली की हे मागे, लग्नघरात मोरीपाशी सांडलेल्या पाण्यातून साडी उचलून पळणाऱ्या बायांसारखे. त्यांना पायाला मागचं बोटच नसतं, धावण्यापुरती तीन पुढची. पन्नास-साठ ग्रॅमचा जीव, म्हणजे तुमच्या सकाळच्या दोन बिस्किटांच्या पुड्यापेक्षा जड नाही, आणि वीण कुठे तर पार उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात.

पण मी ज्यांच्यासाठी गेले होते ते आठच्या सुमारास आले. आधी आवाज, पीक-पीक असा टोकदार. मग पाण्यालगत सरळ रेषेत सतरा काळे-पांढरे पक्षी, लालभडक लांब चोच, लाल डोळा, फिकट गुलाबी पाय. कालवफोड्या. आई, नाव ऐकून तुला कसं वाटलं? मला तर ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा तूच आठवलीस. ओहोटीच्या खडकांवर उकिडवी बसलेली, डोक्यावर पदर, हातात ती लोखंडी कोयती, शेजारी तांब्या. तू एक टोचा मारायचीस, मनगट जरासं वळवायचीस आणि कालव सुटून यायचं. आम्ही पोरं दगडाने ठेचायचो, मग कवचाचा चुरा आणि मांस एकच व्हायचं आणि तू ओरडायचीस.

तर यातला एक माझ्यापासून पंचवीसेक पावलांवर उतरला. मी ओल्या वाळूतच बसले, साडी नव्हती म्हणून बरं. इथे वाळूत कालवं कुठली, तिसऱ्याच. त्याने पाण्याच्या पातळ थराखाली चोच खुपसली, दोनतीनदा चाचपली आणि एक तिसरी वर काढली. ठेचली नाही. कोरड्या जागी नेली, कडेवर उभी केली आणि दोन शिंपांच्या फटीत चोचीचं टोक सरकवलं. चोच टोकाला चपटी असते, आडवी नव्हे, उभी, सुरीच्या पात्यासारखी. मग मान जराशी वळवली. एवढंच. शिंपा मिटवून धरणारा स्नायू आत तुटला असणार, कारण तिसरी पुस्तकासारखी उघडली. मांस झटकून बाहेर काढलं, गिळलं, चोच पाण्यात हलवून धुतली आणि पुढच्या तिसरीच्या शोधात निघाला. मनगट वळवणं म्हणजे हेच ते, आई. म्हणे यांच्यातही दोन घराणी असतात. काही पक्षी ठोकून फोडतात, काही असे फटीतून कापतात, आणि ज्याची जशी सवय तशी त्याच्या चोचीची झीज होते, ठोकणाऱ्याची बोथट, कापणाऱ्याची पटाशीसारखी. पिल्लं आईबापांकडे बघून शिकतात. आम्ही शिकलो नाही, ती गोष्ट वेगळी.

तो उडाल्यावर मी जाऊन तो शिंपला उचलला. बिजागरी शाबूत, आत एक तंतू शिल्लक नाही. पत्रासोबत वर्तमानपत्रात गुंडाळून पाठवते आहे. तू बघ आणि सांग, तुझ्या कोयतीपेक्षा साफ आहे का. मला माहीत आहे तू नाही म्हणणार.

नातू साडेआठला डोळे चोळत आला. त्याने मोजले तर कालवफोडे एकोणीस. मी म्हटलं सतरा. पुन्हा मोजले, अठरा. वहीत सतराच लिहिले आहेत, मोजणी पहिली माझी.

पावणेनऊपासून मात्र रंग बदलला. झेंडावंदन आटोपून माणसं किनाऱ्यावर यायला लागली. घोडागाडी आली, मग ती चार जाड चाकांची वाळूवर पळवायची गाडी, मग तिच्यामागे कुत्री. भरतीमुळे किनारा आधीच अरुंद झालेला, पक्ष्यांना टेकायला उरली होती ती एक पट्टी, आणि गाडी नेमकी तिथूनच जाणार. तीनदा सगळे उडाले. लोकांना मजा वाटली, मोबाईल वर झाले. दिसतंही सुंदर, खोटं कशाला सांगू, शेकडो पांढरी पोटं एकदम वळतात तेव्हा. पण ही विश्रांतीची वेळ असते त्यांची. खाणं ओहोटीत उरकायचं आणि भरतीत गप्प उभं राहून ते अंगी लावायचं. यातल्या कित्येक जाती एप्रिलात निघायच्या आधी वजन जवळजवळ दुप्पट करतात, त्या चरबीवरच पुढचे हजारो किलोमीटर निघतात. उगाच उडवणं म्हणजे भरत आलेला डबा लाथाडणं.

मी गाडीवाल्या पोराला हात केला. विशीतला असेल. सगळं ऐकून घेतलं बिचाऱ्याने. म्हणाला, "ताई, आम्हाला पण सुट्टीच्या दिवशीच चार पैसे." त्याचंही चूक नाही. पण नंतरच्या फेऱ्या त्याने सुरूच्या कडेकडेने मारल्या, एवढं खरं. पट्टीवर दोरी बांधून दोन तास ती जागा सोडावी, हे काम त्याचं एकट्याचं नाही, पण करायचं ज्यांनी ते तिथे कुणी नव्हतं.

गर्दी नको म्हणून आम्ही खाडीच्या तोंडाकडे सरकलो आणि तिथे तुमच्या लेकीने अब्रू घालवली. वरून कोरडा दिसणारा चिखल, उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत. जितकं ओढते तितकी रुतते. नातू हसून हसून बसला. मग कानात तुमचा आवाज आला, बाबा, अगदी दाभोळच्या धक्क्याखालचा. "ओढू नको. टाच हलव, पाणी आत जाऊ दे, आणि मागे बस." बसले मागे. पाय आला. सँडल तिथेच राहिली, पुढच्या एखाद्या उधाणाला मुरूडला निघेल. उरलेला दिवस नातवाच्या चपला घालून फिरले, तो अनवाणी.

परतताना गावातून आलो. बाबा, आक्षीचा शिलालेख बघितला. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२. तुम्ही आयुष्यभर वर्गात मराठीतला पहिला शिलालेख म्हणून श्रवणबेळगोळचं "श्रीचावुण्डराजें करवियलें" घोकून घेतलंत, पण आता बरेच जण तो पहिलेपणाचा मान आक्षीला देतात. रागावू नका. त्यात राजाला "पश्चिम समुद्राधिपती" म्हटलंय. पंधरा मिनिटांपूर्वी त्या समुद्राने माझी सँडल ठेवून घेतली होती, त्यामुळे मला ते वाचून जरा हसू आलं. नातवाला एक अक्षर लागलं नाही. मला चार लागली, ती तुमच्यामुळे.

आता खरं काम. पत्र लिहायला बसले ती यासाठी, बाकीचं वाटेत आलं.

निघायच्या आधी, साडेदहाला, खाडीवर समुद्री गरुड आला. पांढरं स्वच्छ डोकं-पोट, पंख राखी, पंखांची मागची कडा काळी, शेपूट आखूड पाचरीसारखी. पंख इंग्रजी व्हीसारखे वर उचलून तरंगतो. पंजात वळवळणारं काहीतरी लांबट होतं, समुद्रसाप असावा. चार कावळे मागे. आणि तो ओरडला. बदकासारखा, कॅंक-कॅंक. मी तिथेच थबकले. दिवाळीत आई फोनवर काय म्हणाली होती? "काकांच्या हद्दीतल्या ऐनावर एक मोठी घार काटक्या नेते आहे, पोट पांढरं, आणि ओरडते बदकासारखी." मी तेव्हा "हो का" म्हणून सोडून दिलं. आई, मला माफ कर. तू डोळ्यांनी बघून सगळं बरोबर सांगितलंस आणि तुझ्या पक्षीनिरीक्षक लेकीला ओळखता आलं नाही.

ती घार नव्हे. हे पक्षी जोडीने राहतात, समुद्राजवळचं उंच झाड धरतात आणि तेच घरटं वर्षानुवर्षं डागडुजी करून वापरतात. दिवाळीच्या सुमारास काटक्या म्हणजे हिशोब जुळतो. अंडी उबवायला सहाएक आठवडे, आणि पिल्लू उडायला त्यानंतर दोन-अडीच महिने. म्हणजे आत्ता वर पिल्लू असायची दाट शक्यता आहे. आणि मागच्या आठवड्यात तुम्हीच म्हणालात की काकांच्या मुलाने ऐनाचा सौदा लाकूडवाल्याशी केलाय, शिमग्याआधी तोडणार.

बाबा, मी त्याला फोन केला तर तो म्हणेल डोंबिवलीला बसून शहाणपण सांगते. तुमचा मात्र तो विद्यार्थी, अजून तुमच्यासमोर खुर्चीत बसत नाही. तुम्ही त्याला ओसरीवर बोलवा, चहा द्या आणि सांगा, निदान अक्षय तृतीयेपर्यंत थांब. कायद्याचा धाक आधी घालू नका. आहे कायदा, वन्यजीव संरक्षणाचा, १९७२ चा, आणि चांगला कडक आहे. पण तो ऐकलाच नाही तर. पैशांची अडचण असेल तर इसार किती घेतलाय ते विचारून मला कळवा, काहीतरी करू. पुढच्या वर्षीचं मी आल्यावर त्याच्याशी बोलेन.

आणि आई, तू एकदा झाडाखाली जाऊन ये. माशांचे काटे, सापाचा सांगाडा, पांढरी घाण असं काही पडलंय का बघ. काठी घेऊन जा, एकटी जाऊ नकोस, आणि फार वेळ वर बघत उभी राहू नकोस, तुला चक्कर येते. बाबांना गुडघ्यांमुळे तिथवर जमणार नाही, म्हणून माझी जुनी दुर्बीण पाठवते आहे. ओसरीच्या उत्तरेच्या टोकाला खुर्ची लावली तर ऐनाचा शेंडा सरळ दिसतो, मी लहानपणी तिथूनच पतंग शोधायचे. चष्मा काढायचा नाही, डोळ्यांकडची रबरी कडी दुमडून घ्यायची. किती वाजता येतो, काय आणतो, एवढं वहीत मांडून ठेवा. लाल पेन त्याला वापरा.

शिमग्याला आम्ही तिघंही येतो. पौर्णिमा, पंधरा पाऊणे सव्वाअकरा. बरोबर आला का ते उलट टपाली कळवा.

तुमची,
बाय